कोपरखैरणेतलं माजी सैनिकांसाठीचं मोफत वकिली मदत केंद्र : अकरा महिन्यांचा अनुभव, ५ पैकी साडेचार स्टार

पप्पांच्या डिसॅबिलिटी पेन्शनच्या कामासाठी आम्ही मागच्या एप्रिलपासून इथे जातोय, आता मार्च आला, म्हणजे अकरा महिने झाले आणि इतक्या दिवसात फी म्हणून कोणी एक रुपया मागितला नाही. झेरॉक्स, नोटरी, रजिस्टर पोस्ट आणि शेवटी ट्रिब्युनलची (सैनिकांच्या केसेस चालतात ते कोर्ट) २५० रुपये फी, एवढाच काय तो आमचा खर्च. पण फुकट आहे म्हणून मी हे लिहीत नाहीये. फुकट सल्ला देणारे खूप भेटले होते आम्हाला, प्रत्येकाने फाईल वरवर चाळली आणि "होईल की" म्हणून सांगितलं. इथे पहिल्यांदा कोणीतरी पप्पांचे सगळे कागद वाचले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आमच्या समोर बसून.

केंद्राचं नाव आणि नंबर टाकत नाहीये कारण त्यांनीच तशी विनंती केलीय, मागे कुठल्यातरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नंबर फिरला आणि पार लातूर नांदेडवरून फोन यायला लागले, मग इथल्या माणसांनाच वेळ मिळेना. घणसोली कोपरखैरणेत कुठल्याही माजी सैनिकाला विचारलंत तर तो सांगेल. आपल्या या पट्ट्यात साताऱ्याची माणसं किती आहेत ते वेगळं सांगायला नको, एक भाऊ मार्केटला माथाडी आणि दुसरा मिलिटरीत असं घराघरात आहे.

ऑफिस वगैरे काही नाही. एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, दर रविवारी सकाळी दहा ते दीड. चार-पाच वकील आळीपाळीने येतात, इतर दिवशी ते ठाणे कोर्टात, बेलापूरला, एक जण हायकोर्टात प्रॅक्टिस करतात. टोकन द्यायला आणि कागद लावून घ्यायला दोन रिटायर्ड सुभेदार साहेब. दारातच "राम राम" होतो आणि पप्पा लगेच ताठ उभे राहतात, घरी मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

आमची केस थोडी सांगते, म्हणजे इथे काय काम होतं ते कळेल. पप्पा १९८८ ला भरती झाले, पायदळात, त्यातली बरीच वर्षं मॉर्टर प्लाटूनला, म्हणजे उखळी तोफांवर. २००७ ला १९ वर्षं सर्व्हिस करून नाईक म्हणून घरी आले, लो मेडिकल कॅटेगरीमधे, म्हणजे तब्येतीचा दर्जा कमी ठरवून. तेव्हाच डाव्या कानाने जवळपास काही ऐकू येत नव्हतं आणि उजव्याने कमी. मी तेव्हा चौथीत होते, मला वाटायचं पप्पा रागावलेत म्हणून उत्तर देत नाहीत. नंतर महापे एमआयडीसीत सिक्युरिटीला लागले, तिथे वॉकीटॉकीवरचं नीट ऐकू येत नाही म्हणून दोनदा काम सुटलं. सर्व्हिस पेन्शन चालू होती, १५ वर्षांच्या वर नोकरी झाली होती त्यामुळे तो प्रश्न नव्हता. पण कानाचं जे डिसॅबिलिटी पेन्शन मिळायला हवं होतं ते कधीच आलं नाही. २००७ मधे क्लेम नामंजूर झाल्याचं एका पानाचं इंग्रजी पत्र आलं, ते पप्पांनी घडी घालून काळ्या ट्रंकेत ठेवून दिलं. अपील करता येतं असं त्याच पत्रात अगदी शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं. आमच्या घरात ते वाचून सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं.

मधल्या काळात वाशीत एका माणसाकडे गेलो होतो, पेन्शन सल्लागार म्हणून बोर्ड लावलेला. त्याने ३० हजार आधी मागितले आणि जे एरियर्स मिळतील त्यातले २५ टक्के नंतर. पप्पा तयार पण झाले होते, आईने अडवलं. इथे आल्यावर कळलं की बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला निकालातून मिळणाऱ्या पैशात टक्केवारी ठरवताच येत नाही, त्यामुळे कोणी असा हिस्सा मागत असेल तर तिथून सरळ उठून यायचं.

पहिल्या रविवारी आमचं टोकन ११ नंबरचं होतं, साडेबाराला नंबर आला. पाचवी-सहावीच्या मुलांचे बाक, त्यावर साठ-सत्तर वर्षांची माणसं गुडघे आवळून बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात कागद. आम्हाला ज्या वकील मॅडम मिळाल्या त्या माझ्याच वयाच्या असतील, तिशीच्या आसपास, मनात जरा शंका आली हे खरं. त्यांनी पप्पांना नाव विचारलं, पप्पांनी नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं. मॅडमच्या लगेच लक्षात आलं, त्या खुर्ची उचलून पप्पांच्या उजव्या बाजूला येऊन बसल्या आणि हळू, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या. ओरडल्या नाहीत. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे लोक पप्पांशी ओरडून बोलतात नाहीतर त्यांना सोडून माझ्याशीच बोलतात. इथे पूर्ण वेळ त्या पप्पांशीच बोलत होत्या, मी नुसती बाजूला बसले होते.

मग फाईल. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, २००७ चं पत्र, आणि ट्रंकेच्या तळाशी सापडलेली रिलीज मेडिकल बोर्डाची अर्धवट झेरॉक्स, एएफएमएसएफ-१६ नावाचा फॉर्म असतो तो. सुटताना जो मेडिकल बोर्ड होतो त्याचा सगळा निकाल त्यात असतो, माझ्या मते माजी सैनिकाच्या घरातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच, आणि आमच्याकडे त्याची चारच पानं होती, त्यातल्या एका पानावर चहाचा डाग. मॅडमनी पेन्सिल घेतली आणि पप्पांना एका रकान्यावर बोट ठेवून दाखवलं. दोन्ही कान मिळून अपंगत्व २० टक्के, आयुष्यभरासाठी. त्याच्याच पुढच्या रकान्यात, पेन्शनसाठी धरायचं अपंगत्व : निल. आणि कारण म्हणून एकच ओळ, की हा आजार सर्व्हिसमुळे झालेला नाही आणि सर्व्हिसमुळे वाढलेलाही नाही. का नाही, ते काही लिहिलेलं नाही. मॉर्टरच्या शेजारी उभं राहिलेल्या माणसाच्या कानाबद्दल हे लिहिलंय.

पप्पा म्हणाले, "पण मॅडम, मी सही केलीय त्याच्यावर."

मॅडम म्हणाल्या, "काका, ती सही बोर्डासमोर हजर होता याची आहे. हक्क सोडला अशी सही तुमच्याकडून कोणी घेतलेली नाही."

पप्पांनी ते त्यांना परत एकदा बोलायला लावलं. मला वाटलं ऐकू आलं नाही, पण तसं नव्हतं. अठरा वर्षं हा माणूस असं धरून बसला होता की सही केली म्हणजे आपणच मान्य केलं, आता कुठल्या तोंडाने बोलायचं. घरी कधी विषय निघाला की "जाऊ दे" म्हणायचे, त्याचं कारण हे होतं हे मला त्या वर्गात बसून कळलं.

नंतर त्यांनी कायदा समजावला, तोही मराठीत आणि कागदावर आकडे मांडून. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल आहे, त्यात म्हटलंय की भरतीच्या वेळी मेडिकलमधे आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा तंदुरुस्त होता असंच धरायचं, नंतर आजार झाला तर तो सर्व्हिसमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि मेडिकल बोर्डाने नाही म्हणायचं असेल तर कारण द्यायला हवं. दुसरा १० डिसेंबर २०१४ चा राम अवतार निकाल, तो टक्केवारी वर धरण्याबद्दलचा, ब्रॉड बँडिंग म्हणतात त्याला. म्हणजे २० टक्के असेल तर पेन्शनसाठी ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्याच्यापुढे असेल तर १००. ही सवलत आधी ज्यांना मेडिकलवर बोर्ड आऊट केलं, म्हणजे आजारामुळे मुदतीआधीच घरी पाठवलं, त्यांनाच देत होते, राम अवतारमुळे नोकरीची मुदत संपवून कमी कॅटेगरीत घरी आलेल्यांनाही लागू झाली. हिशोब असा की १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे ५० टक्क्यांना १५, आणि ते सर्व्हिस पेन्शनच्या वर वेगळे. थकबाकीबद्दल मात्र त्यांनी आधीच स्पष्ट केलं, २००८ च्या तरसेम सिंग निकालात कोर्टाने उशिरा आलेल्या माणसाला अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच थकबाकी दिली होती, त्यामुळे अठरा वर्षांचा हिशोब डोक्यात घेऊन घरी जाऊ नका. हे ऐकून वाईट वाटलं पण मला त्यांच्यावर विश्वास तिथेच बसला, वाशीच्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत २२ लाखांचा आकडा सांगितला होता.

काम कसं पुढे गेलं ते थोडक्यात. बोर्डाची उरलेली पानं आणि भरतीच्या वेळचं मेडिकल मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा, तो सुभेदार साहेबांनी तिथेच लिहून दिला. महिन्याभरात पाकीट आलं. भरतीच्या मेडिकलमधे दोन्ही कान नॉर्मल, तशी स्वच्छ नोंद. मग जूनमधे अपील पाठवलं, त्याला सहा महिने वाट बघावी लागते कारण आधी खात्याकडे दाद मागून झाली पाहिजे असं कायद्यात आहे, उत्तर नाही आलं तर सहा महिन्यांनी ट्रिब्युनलला जाता येतं. उत्तर आलं नाही. जानेवारीत आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या मुंबई बेंचकडे अर्ज दाखल केला. ही ट्रिब्युनल २००७ च्या कायद्याने आली आणि २००९ पासून चालू आहे, महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्याच्या केसेस मुंबईत येतात, म्हणजे आपल्याला दिल्लीला जायचं काम नाही. पहिली तारीख झाली, समोरच्यांना नोटीस निघाली. निकाल अजून नाही, पण अकरा महिन्यांत काम एकदाही कोणाच्या विसरण्यामुळे थांबलं नाही.

आता ती गोष्ट ज्याच्यासाठी मी खास हा रिव्ह्यू लिहायला बसले. त्याच पहिल्या दिवशी पीपीओ वाचता वाचता मॅडम थांबल्या आणि आईला म्हणाल्या, "काकू, आधार कार्ड दाखवा बरं." पीपीओवर आईचं नाव कमल, आधारवर कमळाबाई, जन्मतारखेत तीन वर्षांचा फरक. आम्ही हे विचारायला गेलोच नव्हतो. आमच्या कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, लग्न झालं तेव्हा गावाकडून जी माहिती युनिटला कळवली ती तशीच रेकॉर्डला चढली आणि आधार काढताना ऑपरेटरने जे ऐकलं ते टाईप केलं. मॅडमनी मागच्या बाकाकडे नजर टाकली, तिथे ऐरोलीच्या एक मावशी बसल्या होत्या, नवरा जाऊन चौदा महिने झाले आणि फॅमिली पेन्शन सुरू नाही, कारण एवढंच की दोन कागदांवर नाव वेगळं आणि आता खरं खोटं सांगायला सही करणारा माणूसच नाही. "काका आहेत तोवर करून घ्या, आज दोन सह्यांत होतं," असं त्या म्हणाल्या. आधार, पॅन, अ‍ॅफिडेव्हिट, पप्पांचा अर्ज, सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलं आणि पाच महिन्यांत दुरुस्त पीपीओ आला. तो आईने देवघरात ठेवलाय. तुमच्या घरात कोणी माजी सैनिक असेल तर हे वाचून झाल्यावर आधी पीपीओ आणि आधार शेजारी शेजारी ठेवून बघा, नाव, स्पेलिंग, जन्मतारीख, तिन्ही.

ज्यांचं काम इथे होण्यासारखं नाही त्यांना लटकवत नाहीत हेही लिहायला हवं. एक आजोबा होते, १९७१ च्या लढाईतले, गावाकडची जमीन पुतण्याने बळकावली म्हणून आले होते, खटाव तालुक्यातली. त्यांना सांगितलं की हे प्रकरण वडूजच्या कोर्टात चालेल, आम्ही इथून लढवलं तर तुमचे हाल होतील, आणि सातबारा फेरफार नीट लावून साताऱ्याच्या विधी सेवा प्राधिकरणासाठी अर्ज करून दिला, तिथे पण वकील मोफत मिळतो. आजोबा जरा नाराज झाले पण सुभेदार साहेबांनी त्यांना खाली रिक्षापर्यंत नेऊन सोडलं.

सरकारी मदतीची माहिती पण मला इथेच मिळाली. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा आहे, त्याखाली महिलांना, एससी-एसटींना, अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. म्हणजे कोणाही माजी सैनिकाची बायको किंवा विधवा आपल्या नावावर अर्ज करू शकते. ठाण्याचं जिल्हा प्राधिकरण कोर्ट नाक्याला, जिल्हा कोर्टाच्या आवारात आहे, हेल्पलाईन १५१००. शिवाय २६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिवसाला, नाल्साने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, वीर परिवार सहायता योजना सुरू केली, सैनिक बोर्डांमधे कायदेशीर मदतीचे क्लिनिक चालवायचे, सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी. खूप चांगली योजना आहे, माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. तरी या रविवारच्या वर्गाचं एक वेगळं आहे. इथल्या वकिलांना मिलिटरीच्या कागदांची भाषा येते, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या लग्न, मुलं वगैरेच्या नोंदी) म्हणजे काय, शेप या मेडिकल दर्जातला एच म्हणजे हिअरिंग, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. घटस्फोट, चेक बाउन्सच्या केसेस करणाऱ्या चांगल्या वकिलाकडे पण आम्ही गेलो होतो, त्यांना पीपीओ पहिल्यांदा बघतोय हे लपवता आलं नाही.

आणखी एक, स्पर्श पोर्टलचा (मिलिटरी पेन्शनची सरकारी वेबसाईट) पासवर्ड किंवा ओटीपी इथे कोणी मागत नाही. स्क्रीन तुमच्याच मोबाईलवर, बोट तुमचंच, ते फक्त कुठे दाबायचं ते सांगतात.

अर्धा स्टार का कापला. दुसरा मजला, लिफ्ट नाही. एक पाय कृत्रिम असलेले हवालदार काका भिंतीला धरून जिना चढत होते ते मला बघवलं नाही. दुसरं, फोन लागत नाही, मेसेजला दोन-तीन दिवसांनी उत्तर येतं, ऑगस्टमधे एका रविवारी आमच्या मॅडमना अचानक यायला जमलं नाही आणि ते तिथे गेल्यावर कळलं. हे मी समजू शकते, स्वतःची नोकरी धंदा सांभाळून करतात. पण तिसरी गोष्ट त्यांनी खरंच बदलायला हवी. सगळं एकाच वर्गात चालतं आणि येणाऱ्यातल्या निम्म्या माणसांना कमी ऐकू येतं, त्यामुळे मोठ्याने बोलावंच लागतं आणि एकाच्या घरचं पूर्ण वर्गाला ऐकू जातं. एक बाई मुलगा घरातून काढतोय म्हणून आल्या होत्या, वकिलांनी प्रश्न विचारला तेव्हा आजूबाजूचे सगळे बघायला लागले आणि त्या गप्प झाल्या, "पुढच्या वेळी येते" म्हणून उठल्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, मुलाकडून पोटगी मागता येते, अटीवर बक्षीसपत्र केलेलं घर सांभाळलं नाही म्हणून परत मागता येतं, हे त्या बाईंना ऐकायला मिळालं असतं. शेजारचा वर्ग रिकामाच असतो, तो मिळाला तरी पुरे. मी हे सुभेदार साहेबांना बोलले, त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि शाळेशी बोलतो म्हणाले.

जाणार असाल तर नऊच्या आत पोचा, टोकन २५ च देतात. ओरिजिनल कागद सोबत न्या पण हातातून सोडू नका, झेरॉक्सचे दोन सेट करून न्या, खाली रविवारी झेरॉक्सचं दुकान बंद असतं. डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांचं आधार आणि पॅन, आणि मिलिटरीकडून आलेलं प्रत्येक पत्र, कितीही जुनं असलं आणि त्यात काही नाही असं वाटलं तरी. गुडघ्याचा किंवा चालायचा त्रास असेल तर जिना चढू नका, गेटवर वॉचमनला सांगा, वकील खाली येतात, पार्किंगमधे दोन खुर्च्या टाकून बसतात. आमची पुढची तारीख एप्रिलमधे आहे.